अडीचला

मार्च संपता संपता येतात ही पोरं,
पॉलिटेक्निकची, शेवटच्या वर्षाची,
नाना पेठेतल्या क्लचप्लेटच्या दुकानावरचा माझा जिना
दोन-दोन पायऱ्या खात.
कुणाचा कोट भावाचा, कुणाची साडी मावशीची,
इतक्या पिना, की मोकळा श्वास घेतला
तर एक तरी टोचणारच.

मी छत्री उघडते.
"मॅडम, घरात छत्री?" दर वर्षी कुणीतरी हसतं.
उजेड थेट तोंडावर फेकायचा नसतो रे,
आधी कशावर तरी आपटू द्यायचा,
जरा दमू द्यायचा,
मग चेहऱ्याकडे पाठवायचा.
हे काकांनी शिकवलं. ते उजेडाबद्दलच बोलत होते
असं मी बरीच वर्षं धरून चालले.

तहसीन तांबोळी चष्मा काढेना.
भिंगांत दोन पांढऱ्या छत्र्या, डोळे गायब.
स्टँड उंच केला, हनुवटी खाली घेतली,
चष्म्याच्या काड्या कानांवरून बोटभर उचलल्या.
"चष्म्याशिवाय मी घरच्यांनासुद्धा पाहुणी वाटते,"
ती म्हणाली,
आणि 'वाटते'वर मी बटण दाबलं.

गुरुवार होता. नळाला पाणी नाही,
वीजही सकाळीच गेलेली. फ्लॅश बॅटरीवर.
दर वेळी उडाला की त्याची ती बारीक शीळ,
डासासारखी चढत जाणारी,
आणि हिरवा ठिपका लागेपर्यंत
खोलीत नुसती माणसं आणि घाम.

त्यात भूषण लोणारी बसला स्टुलावर.
एक, दोन, तीन. मिटले.
अडीचला दाबलं. मिटले.
मुख्य उजेडाआधी फ्लॅश एक चाचणीचा उडवतो,
तो बंद केला. सगळं मॅन्युअल. मिटलेच.
मित्रानं मागून सरांची नक्कल केली,
तेव्हा हसू आलं, डोळे नाही आले.
सतराव्या फोटोला माझ्या लक्षात आलं,
तो आकडे ऐकतच नव्हता.
माझ्या बोटाच्या पेरावर नजर होती त्याची.

"सॉरी मॅडम. आमचं वेल्डिंगचं आहे, भोसरीत.
पप्पा रॉड टेकवायच्या आधी मान अशी करतात,"
आणि त्यानं केली,
कपाळावरची काच तोंडावर पाडतात तो हिसडा,
"तेवढं दिसलं की मिटायचे. लहानपणापासून.
नाही मिटले तर रात्रभर डोळ्यांत वाळू.
आई बटाट्याच्या चकत्या ठेवायची."

पोरं गप्प. कुणीतरी "भारी" म्हणालं, हळूच.

मी फ्लॅश बंद केला, खिडकी उघडली.
समोर टायरच्या गोदामाचा पत्रा,
त्याच्यावर आपटून, दमून आलेलं ऊन.
डोळे उघडले. चांगले मोठे होते.
फोटो मात्र आला
रेशन कार्डाला लावावा तसा.

म्हणून दोन्ही छापले.

शनिवारी वडील आले न्यायला.
शर्टावर ठिणग्यांची बारीक भोकं,
उभे राहिले ते छत्रीपासून चार हात लांब.
उघड्या डोळ्यांचा पाहिला, मान हलवली, पाकिटात टाकला.
मिटलेला हातात राहिला.
मी सांगू लागले, दुसरा ऐच्छिक आहे,
नको असेल तर पैसे नाही घेणार,
पण ते माझ्याशी बोलत नव्हते.
"म्हणजे ऐकत होता," म्हणाले.
"मला वाटायचं, ह्याच्या कानावर काही पडतच नाही."

दोन्हीचे पैसे दिले, सुटे.
जिन्याशी थांबले,
टेबलावरच्या फ्लॅशकडे दुरूनच बोट केलं:
"तुम्ही रोज ह्याच्यासमोर.
काच वापरत नाही काही?"

मी म्हटलं, मी मागे असते.
त्यांना ते पटलं नाही.