दुसरी काच

तार्तूत नोव्हेंबरचा दिवस साडेतीनलाच आटोपतो.
ऊर्वे तळघरातल्या खोलीचं दार ओढून घेते,
अंधाराला आतून कडी.

बर्फाच्या डब्यात चांदीच्या कागदात गुंडाळलेली
पेराएवढी नळी :
हिरवा, चारशे अठ्ठ्याऐंशी, उजेडाला दाखवू नये.
किंमत तिच्या पाव पगाराची.

आधी जातो सशाच्या रक्तातून आलेला प्रतिपिंड.
हजार दारांतलं नेमकं एक ओळखून
तिथंच ठाण मांडतो.
पण मुका. कुठं बसलाय ते सांगत नाही.
मग तीन धुणी, पाच-पाच मिनिटांची.
मग शेळीकडून आलेला दुसरा.
ह्याला पेशीचं घेणंदेणं नाही,
ह्याला ससा तेवढा कळतो,
आणि ह्याच्या पाठीला दिवा.
ओळख एकाची, उजेड दुसऱ्याचा.
बऱ्याच घरांत असंच असतं, ऊर्वे म्हणते,
हेइनोचं नाव घेत नाही.

आजच्या काचा ताव्हेतच्या.
चोविशीचा, व्होरूकडचा, जेवण विसरणारा.
निळा झोत सोडला आणि खालून
हिरवं उत्तर आलं :
पेशींच्या कडा पेटलेल्या,
कडेकडेनं ग्राही,
ताटं पुढं करून बसल्यासारखे :
वाढ.
अजून वाढ.
पुरे म्हणणारं आत कुणी उरलं नाही,
पंगत उठायचीच विसरलीय.
ज्या बाईच्या ह्या पेशी ती कधीच गेली.
बाटलीवर तिचं नाव नाही, आकडा आहे.

"सुंदर," ताव्हेत म्हणाला. "मंगळवारी हेच दाखवतो."

"दुसरी काच ठेव."

दुसऱ्या काचेवर ससा घातलेलाच नसतो.
तिथं काही दिसायचं नसतं.
तिथला काळोख म्हणजे पहिलीच्या बाजूनं साक्ष.

तिथंही हिरवं.

पंख्याचा आवाज.
"थोडं कमी आहे पण," तो म्हणाला.
ती काही बोलली नाही.
"सीरम दहाच मिनिटं ठेवलं. बस होती."
रिकाम्या जागा आधी भरून घेतल्या नाहीत
तर दिवे मिळेल तिथं चिकटतात.
हे त्याला ठाऊक होतं.
तरी तो नळीतून डोळा काढेना,
आणि ते खोटं हिरवं
त्याच्या बघण्यानंच फिकट होत चाललं.
तिनं हात पुढं करून पडदा पाडला.
"बघत बसू नये. बघितलं की विझतं."

सात वाजता फाटकापाशी
तिनं त्याच्या कोटाची बाही चाचपली.
अंधारात चालणाऱ्यानं अंगावर
चमकणारं काहीतरी लटकवावं, असा इथं कायदा आहे.
ह्याच्या कोटाला नुसता दोरा.
हेइनोच्या कोटाला तोही नव्हता.
तिनं खिशातून एक काढला,
बँकेनं फुकट वाटलेला, कोपरा उडालेला,
आणि पिन लावताना त्याला थोडी टोचलीही.

तो पुलाकडं गेला. दहा पावलांवर
नदी, कठडा, ताव्हेत, सगळं एकाच रंगाचं.
ती थांबली. बोटं गार पडली तरी थांबली.
मग पलीकडून मिठाची गाडी आली,
तिचे दिवे वळले,
आणि काळोखात गुडघ्याच्या उंचीवर
एक ठिपका उठून दिसला,

हलत होता, डावीकडं.

उद्या सीरम. पुरा तास.