अजून वाजतंय का

जेवणाच्या टेबलावर पुन्हा डाखाचे थेंब.
ताटं मी खिडकीत मांडते हल्ली.

तीस वर्षं पोलाद लाटलेला माझा व्लास्टिमिल
नखाएवढ्या मॉसफेटला चिमट्यात धरून
फुंकर घालतो,
बाळाचं बोट भाजल्यासारखी.

विकतचा दिवा खटकन लागतो, म्हणतो,
टेट्रा दचकून काचेवर आपटतात.
त्याला हवी आहे पहाट.
शून्यापासून. वीस मिनिटांची.

पहिला एलईडी धूर होऊन गेला.
दुसऱ्या खेपेला रेझिस्टर चुकला.
तिसऱ्यांदा लागला, नॉब फिरवला तसा
शहाण्यासारखा मंद झाला,
आणि कॉईल वाजू लागली.

"वाजतंय," मी म्हटलं.
"काय?"
बारीक. डासासारखं. दाताच्या मुळाशी.

त्याने कान सर्किटपाशी नेला,
मग नुसतं माझ्याकडे पाहिलं.
वरचे सगळे सूर कारखान्याने
केव्हाच कापून घेतले होते:
चिमण्या, किटलीची शिट्टी,
नातीचं दारामागचं खुसखुसणं.
मला ठाऊक होतं. त्याला आज कळलं.

रात्री साडेअकराला मी खुर्ची ओढली.
तो फ्रिक्वेन्सी चढवत गेला.
"आता?"
"आहे."
"आता?"
"आहे, पण पातळ."
"आता?"
"थांब, ट्राम जाऊ दे."

ऑस्त्रावाची शेवटची ट्राम
वळणावर रुळांना घासत गेली.
मग काहीच नाही.
"गेलं," मी म्हटलं.

गॅसबिलाच्या पाठीवर त्याने आकडा लिहिला,
नॉब अगदी तळाशी आणला.
पाणी काळंच राहिलं बराच वेळ.
मग एक निळी रेघ.
तिच्याखाली, नीट पाहिलं तर, लाल.