पाच ग्रॅम

पाटोणपाड्याच्या पुढे, ओढा जिथे कातळावरून वळतो,
तिथे साडेसहाला जाळं बांधलं.
इतकं बारीक, की बांधून झाल्यावर
आम्हालाच सापडेना.

जान्या दुमाडा म्हणाला, आता बोलायचं नाही.
आणि मग तोच बोलत राहिला, हळू आवाजात,
सासऱ्याच्या दम्याबद्दल.
वाघळाचा रस्सा दिला की छाती मोकळी होते म्हणायचे.
मी गलोलीनं पाडायचो, मॅडम,
वडाखाली उभं राहून, एका दुपारी चार-चार.
झाली का मोकळी?
नाही. मेला तो.

खाली घोडबंदरचे टॉवर पेटत गेले, मजल्यामजल्यानं.
येऊरच्या कुठल्याशा बंगल्यात हळद होती, डीजे लागलेला,
आणि माझ्या हातातल्या यंत्रात
शेंगदाणे तडतडू लागले कढईतले:
आपल्या कानांना न दिलेली भाषा,
किडा जवळ आला की घाई होते तिला.

जाळं थरथरलं.

पाकोळी.
कापडी पिशवीत घातली, काट्याला टांगली,
पिशवीचं वजन वजा केलं.
पाच ग्रॅम.
पंख उलगडला तर विजेरीच्या उजेडात
माझाच हात: तीच बोटं, ताणून ताणून
छत्रीच्या काड्यांसारखी केलेली,
अंगठा तेवढा मोकळा, धरून राहण्यापुरता.
चावली. हातमोज्यातूनही कळलं.
बाहू एकतीस मिलिमीटर. मादी. पाजती.
जान्या म्हणाला, मग लवकर सोडा की.

तळहातावर ठेवली. उडेना.
गारठली होती; अंग कापवत बसली,
जुनी रिक्षा सकाळी करते तसं.
डीजेवरचं गाणं बदललं. पुन्हा बदललं.
जान्यानं तिला स्वतःच्या ओंजळीत घेतलं,
त्याच हातांच्या.
तो काही म्हणाला नाही, मीही नाही.
मग ओंजळ हलकी झाली.
किती हलकी, ते वहीत आहे.
शेरा: आठ बावन्न, सुटका.

घरी पोचले तर लिफ्टशेजारी नोटीस:
‘बी विंगमागील उंबर. वटवाघळांची घाण गाड्यांवर पडते.
झाड काढण्याबाबत रविवारी सभा.’
खाली एकोणीस सह्या, काही फ्लॅट नंबरासकट.
पेन खिशातच होतं, शाई संपत आलेली.
झटकून झटकून लिहिलं:
सातशे तीन. सभेला एक पाहुणा आणते आहे.
आधी त्याला बोलू द्यावं.