अंगठा

बाल्टिमोर, फेब्रुवारी. लुथरन चर्चचं तळघर.
खुर्च्या सत्तावीस मांडल्या, माणसं एकोणीस,
त्यातला एक नुसता ऊब घ्यायला आलेला.
दाराशी रंगाचा रिकामा डबा, ऐपतीप्रमाणे टाका;
आत अडीच डॉलर आणि कुणाचं तरी बसचं जुनं तिकीट.

माझं काम पानं बदलायचं.
पारदर्शक पानं, एकशे चौदा.
काचेवर ठेवायचं, सरळ करायचं, बोटं काढून घ्यायची.
लव्हिनिया म्हणते, तुझी बोटं दिसता कामा नयेत,
दिसली तर लोकांना वाटेल देवाचाच हात,
आणि या गोष्टीत देव नाही, महापालिका आहे.

आधी टॉमाशने नगरसेवकांचे खेकडे काढून दाखवले.
लोक हसले. खेकड्यांना या गावात कुणीही हसतं,
हसून मग तेच खातं.
मग ऑगीने करवत मांडीत धरली,
लाकूड कापायचीच, तिच्यावर गज फिरवला,
आणि लांबून कुणी हाक मारतंय असं झालं.

लव्हिनिया उभी राहिली. चष्मा कपाळावर.
चौकटीमागून चौकट वाचत गेली:
डन्मोर गल्ली, तिसरा मजला,
शेरीफची माणसं, त्यांचे स्वच्छ बूट,
फुटपाथवर गादी, गादीवर टोस्टर,
टोस्टरच्या चकाकीत वाकडं झालेलं घर.
(त्या टोस्टरने तिचे चार दिवस खाल्ले होते.)
पान एकसष्ट: म्हातारीचा चेहरा, भिंतभर,
डाव्या गालावर एकच थेंब.
ऑगीने करवत वाकवली, सूर घरंगळला.
माझ्याही घशाशी आलं काहीतरी.

"मी रडले नव्हते."

मागच्या रांगेतून. आवाज चढा नव्हता,
दुकानदाराने सुटे पैसे कमी दिल्यावर सांगावं तसा.
तपकिरी कोट, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.
मिसेस हेन्रिएटा टिल्मन.
तिला कुणी बोलावलं, कुणालाच ठाऊक नव्हतं.
"मी ताटं मोजत होते. अकरा भरली.
बारावं त्यांच्यातल्याच कुणी उचललं, निळ्या काठाचं.
ते काढ."

ऑगी थांबला. नळांतली वाफ ठोके देत राहिली.
लव्हिनियाने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.
राग आला असावा. आलाच, मी जवळ होतो;
थेंब फार छान जमला होता.
मग काचेपाशी आली, मला कोपराने बाजूला केलं,
अंगठा जिभेला लावला
आणि त्या गालावर टेकवला.

भिंतीवर अंगठा केवढा आला! दाराएवढा.
रेषांची वावटळ, नखात शाई.
थेंब गेला, पण धड गेला नाही;
करडा डाग कानापर्यंत फराटला
आणि त्यात अंगठ्याची वळणं उठली,
सही न येणाऱ्याची कागदावर उठतात तशी.

"निळा नाहीये माझ्याकडे," लव्हिनिया म्हणाली.
"सगळं काळ्यातच आहे."
"मग त्या उंच माणसाच्या कोटाला फुगवटा दे. कळतं लोकांना."

ती ओणवी होऊन काढू लागली.
बाई खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आल्या.
"अजून खाली. पोटाशी. एवढं नाही गं, ताट आहे, परात नव्हे."
फुगवटा भिंतीवर हळूहळू गोल होत गेला.
ऊब घ्यायला आलेला जागा झाला,
भिंतीकडे बघून मोठ्याने म्हणाला, "चोर!"

उरलेली त्रेपन्न पानं खोक्यातच राहिली.
शेवट काय झाला, कुणी विचारलं नाही.
आम्ही खुर्च्या मिटल्या. कॉफी थंड होती, तरी संपली.

निघताना मिसेस टिल्मननी डब्यात पाच डॉलर टाकले,
दारापर्यंत गेल्या,
परत येऊन त्यातलेच दोन काढून घेतले,
"बससाठी," म्हणाल्या, माझ्याकडे न बघता.