लावणे

भरतीला आठ दिवस होते.
भरमूच्या कमरेवर, नाडीच्या वळाखाली,
नायटा आधी रुपयाएवढा होता, मग वाटीएवढा झाला.
पहाटे चारला तो जांबोटी रस्त्यावर पळून यायचा
आणि घामाच्या गंजीतच निजायचा.
खानापुरात मेडिकलवाल्यानं न बघताच ट्यूब दिली.
चार दिवस खाज गेली,
पाचव्या दिवशी आली ती व्याजासकट.

"कपडे काढून उभं करतात अक्का,
मिलिटरीचा डॉक्टर बॅटरी मारून बघतो."

त्याची छाती रोज मीच मोजायची, शिलाईच्या टेपनं.
सत्त्याहत्तर. फुगवून ब्याऐंशी.
टेपवर कातडीचे आकडे नसतात.

बाळंतिणीच्या सामानातून मी बिब्बा काढला,
सुईला टोचून चिमणीवर धरला.
काळं तेल फुगून टोकाशी आलं.
"चटकंल काय गं?"
"कशाला भिवूलास? चटकल्याशिवाय गुण येतोय होय?"
हे वाक्य माझं नव्हतं,
सगळ्या गल्लीचं होतं.
तोंड तेवढं माझं.

रात्री बिब्बा उतला.
कमरेपासून मांडीपर्यंत पाण्याचे फोड,
मधे कातडी जळल्या पापडासारखी.
कुणी म्हणालं खोबरं चोळ, कुणी म्हणालं चुना,
पहिल्या चुकीवर दुसरी चूक
गार वाटते म्हणून.
मी खोबरंही चोळलं.

बेळगावच्या सिव्हिलात डॉक्टरीणबाईंनी चादर उचलली.
"येन हच्चीरी?"
काय लावलंत?

पाटीवर कुठली भाषा वर, कुठली खाली,
यावरून आमच्याकडं एस्ट्या थांबतात.
पण ह्या एका शब्दात दोघी एकाच चुलीशी बसलेल्या.
त्यांच्यात मलम हच्चतात, दिवाही हच्चतात.
आमच्यात मलम लावतात, दिवा लावतात,
आगही लावतात.
"बिब्बा," मी म्हटलं. "मीच लावला."
त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मग चिठ्ठीवर लिहीत, मोडक्या मराठीत,
"बुरशी होती ओ. महिनाभर गोळ्या, वाळलेली चड्डी.
एवढंच होतं."

एवढंच.

भरती त्याच्याशिवाय झाली.
जखम भरली, डाग राहिला,
काळा, कडेला किंचित निळा,
परीट धोतराच्या कोपऱ्यात घालतो तशी खूण,
कितीही धुतलं तरी
कुणाच्या घरचं ते कळावं म्हणून.

पुढच्या साली परत उभा राहिला.
सोबतच्या पोरानं येऊन सांगितलं मला,
बॅटरी कमरेवर थांबली.
"ये क्या है?"
भरमूनं छाती फुगवली, समोर भिंतीकडं बघितलं,
"लहानपणी चुलीवर पडलो, साब."

आमच्या घरात तेव्हा चूलच नव्हती,
स्टो होता.