गलीना खिंडीच्या अलीकडे

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलाय,
त्याच्या चार कोपऱ्यांवर
मिठाची बरणी, टॉर्च, अँदरचा डावा बूट
आणि कुणाचं तरी अर्धं खाल्लेलं सफरचंद.
बाहेर बॉइझीत अजून बर्फ आहे,
जुलै नुसता कागदावर.

डॅरेल दोऱ्यानं मैल मोजतो.
दोरा वळणावर घसरतो, तो पुन्हा धरतो.
लोमनपर्यंत दोन तास, म्हणतो.
मी तीन म्हणते, अँदरचं पोट जमेस धरून.
मागच्या खेपेला आयडाहो सिटीच्या आधीच
त्यानं माझ्या टोपीत ओकून घेतलं होतं.
टोपी चांगली होती.

यादी माझ्याकडे. ती नेहमीच माझ्याकडे असते.
तंबू, खांबांसकट.
एकदा खांब घरीच राहिले
आणि आम्ही चौघं गाडीत
बरणीतल्या फोडींसारखे दाबून झोपलो.
अस्वलाला उघडता येणार नाही असा डबा.
मला उघडता येईल असा, हेही लिहायला हवं.

इदोया विचारते, तिथं रेंज असेल का?
नसेल.
बरं, म्हणते.
चौदा वर्षांच्या त्या एका 'बरं'वर
आइसबॉक्स तीन दिवस गार राहील.

आइता खिडकीशी.
आम्ही बास्क लोक बापाला आइता म्हणतो;
माझी पोरंही आजोबाला तेच म्हणतात,
तेवढा एकच शब्द त्यांना न अडखळता येतो.
तो येणार नाही. थँक्सगिव्हिंगलाच सांगून टाकलं त्यानं:
जमिनीवर झोपायचं ते माझ्या बापानं
सगळ्या घराण्याच्या वाटचं झोपून घेतलंय.

आणि आता उठतो,
कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढतो,
नकाशावर बोट टेकवतो.
गलीना खिंडीच्या अलीकडे,
जिथं ना तळं, ना तंबूची खूण, ना संडास.
इथं थांबा.

काय आहे इथं?
झाडं.
डॅरेल हसतो. झाडं काय, सगळीकडेच आहेत.

आइता बराच वेळ गप्प.
मग म्हणतो, सेव्हेरो तेव्हा सतरा वर्षांचा होता.
आपल्या बापाला तो नावानंच हाक मारतो, मेल्यापासून.
दोन हजार मेंढ्या, एक कुत्रं, एक गाढव,
इंग्रजीचा शब्द नाही,
महिना महिना माणूस नाही.
मग ॲस्पेनच्या सालीवर
चाकूच्या टोकानं केसाएवढी रेघ ओढायची.
खोल नाही. खोल कापलं की अक्षर फुगून बसतं.
ओरखडल्यासारखं, बस.
त्या दिवशी काहीच दिसत नाही.
झाड जखम भरत आणतं, काळी खपली धरतं,
आणि काही उन्हाळ्यांनी नाव वर येतं.
तोवर लिहिणारा
दुसऱ्याच कुरणात.

काय लिहिलं होतं? अँदरला झोप राहिलेली नाही.
नाव. साल. गाव.
आणि?
आणि एक बाई काढली होती.
इदोयानं पहिल्यांदा मान वर केली.
पणजी होती का ती?
नाही, म्हणाला आइता,
आणि पुन्हा खिडकीशी गेला.

रात्री भांडी पुसताना
डॅरेल आवाज खाली घेऊन सांगतो,
ॲस्पेन शंभरी क्वचितच गाठतं.
तो वखारीत काम करतो, त्याला कळतं.
पडलं असेल गं.
आडवं झालेलं, सालीवर शेवाळ.
मी म्हणते, असेल.

पोरं झोपल्यावर नकाशा पुन्हा उघडते.
तळ्याकाठची एक रात्र खोडते,
बुकिंग उघडायच्या आत भांडण नको.
खिंडीच्या अलीकडे पेन्सिलीचं टिंब देते,
इतकं फिकट
की कागद दिव्याखाली तिरका धरावा लागतो.

मग यादीत,
कुणाला न विचारता,
झोपायची पाचवी पिशवी. जाड, गुडघे दुखणाऱ्याला चालेल अशी.
आणि एक टोपी.
जुनी असली तरी चालेल.