वाऱ्याच्या खात्यावर

तीन रात्रींसाठी आले होते.
स्तामातियाबाईंनी चावी दिली, तिला जाळ्याचं बूच बांधलेलं.
म्हणाल्या, समुद्रात पडली तरी तरंगेल,
आजवर दोन तरंगल्या.
त्यांचं इंग्रजी उन्हाळ्यापुरतं,
माझं ग्रीक दोन नमस्कारांपुरतं.

ऑक्टोबर सरत आलेला. गावात उघडं काय, तर
दिवसाआड बेकरी
आणि धक्क्यावरचं कॉफीचं दुकान, जिथे मान्थोस
पिवळं जाळं पायाच्या अंगठ्यात ताणून शिवत बसतो,
मधूनच फासे टाकतो, स्वतःविरुद्ध.
हरला की दुकानदाराला शिव्या.

खोली नंबर दोन. झडपेची कडी तुटलेली,
जुन्या पायमोज्याने बांधून ठेवलेली.
खाली चार पायऱ्या, मग समुद्र.
मी खाडीकाठची. पहिल्या दिवशी
ओहोटीची वाट बघत बसले.
इथलं पाणी हलतं, पण जात नाही कुठे.
तिसऱ्या पायरीवर सकाळी जी ओली रेघ
तीच संध्याकाळी.
इतका वेळ एका जागी राहिलेला समुद्र
मी पाहिला नव्हता.

बोट रोज दुपारी येते. वस्तीला राहत नाही.
फळी टाकते, पिठाची पोती उतरवते,
गॅसचे सिलिंडर, एखादी बकरी,
फळी उचलते.

गुरुवारी माझी बॅग भरलेली होती.
बुटांच्या नाड्यासुद्धा बांधलेल्या.
झडपेच्या फटीतून बघत राहिले:
बोट आली, फळी टाकली,
अकरा मिनिटं थांबली.
मी मोजली.
मग घरी कळवलं, वारा सुटलाय,
बोटी बंद.
तिकडून आलं, काळजी घे.
समुद्र तेव्हा परातीतल्या पाण्यासारखा.

रात्री चण्याचं कालवण होतं.
स्तामातियाबाई काही बोलल्या नाहीत.
फक्त एक जाड पांघरूण आणून पलंगावर टाकलं.
कशाला, मी म्हटलं.
लागेल, म्हणाल्या.

शुक्रवारी पहाटे तो आला
बोलावून घेतल्यासारखा.
पायमोजा सुटला. झडप भिंतीवर
आपटत राहिली, आपटत राहिली.
बंदरातला पोलीस पाटी लावून गेला.
मान्थोसने फासे खिशात घातले.
पीठ संपलं, बेकरी बंद;
स्तामातियाबाईंनी दगडासारखे टोस्ट पाण्यात बुडवून
वर तेल सोडून दिले.
असे तीन दिवस.
खोटं खरं झालं की
ते कुठे ठेवावं कळत नाही माणसाला.
पांघरूण डोक्यावरून ओढून मी ऐकत होते
माझाच निरोप
गावभर दारं ठोठावत फिरताना.

सोमवारी पडला.
त्यांनी वही काढली,
वाण्याकडे असते तशी लांबोडकी, लाल कापडी पाठीची.
दोन रकाने.
एकावर माझं नाव, भलत्याच वळणाचं.
दुसऱ्यावर नुसती एक नागमोडी रेघ.
वाऱ्याचं खातं, म्हणाल्या.
बोट बंद, त्या रात्रीचे पैसे मी पाहुण्याकडून घेत नाही.
माझ्या सासूनेही घेतले नाहीत.
त्याच्याकडे खूप थकलेत. देईल कधीतरी.

म्हणजे माझ्या तीन, मी म्हटलं.

त्यांनी चश्मा पदराशी नेल्यासारखा एप्रनला पुसला.
चार, म्हणाल्या.
तीन तुझ्या ठरलेल्या. तीन त्याच्या.
आणि गुरुवारची...
स्वयंपाकघरातून धक्का दिसतो.

मी पैसे मोजून दिले.
सुटे त्यांनी एकेक नाणं दाखवत परत केले.
रागावल्या नव्हत्या.
तशा हसल्याही नाहीत.
बूच बांधलेली चावी खिळ्याला गेली.

बोट धक्क्यापासून वळायच्या आत
दोन नंबरची चादर दोरीवर होती.
वारा अजिबात नव्हता.
सरळ खाली लोंबत होती.